गाठ निघाली, पण जमीन तीच आहे!

"डॉक्टर, गाठ तर काढलीत ना? मग दर तीन महिन्यांनी दुर्बीण घालायची ती कशाला?"

मूत्राशयाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झालेला जवळजवळ प्रत्येक रुग्ण हा प्रश्न कधी ना कधी विचारतो. प्रश्न रास्तच आहे. पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एखाद्या वाडीतून निघायचे, पहाटेची एस.टी. धरायची, महाड गाठायचे, तेथून मुंबईची गाडी. सोबत घरचे कोणीतरी हवेच. त्याचाही रोज बुडतो. आणि हे सगळे कशासाठी, तर कुठे काही दुखत नाही, लघवी साफ होते, जेवण व्यवस्थित आहे. मग माणूस म्हणतो, "एवढी लावणी उरकू द्या." लावणी उरकते, तोवर गणपती येतात, मुंबईकर घरी येतात. मग भातकापणी. मग शिमगा झाल्यावर बघू. असे करता करता वर्ष-दीड वर्ष जाते आणि एके दिवशी लघवी पुन्हा लाल होते.

अशा वेळी रुग्ण म्हणतो, "म्हणजे आधीचे ऑपरेशन नीट झाले नव्हते." बहुतेक वेळा तसे नसते. गाठ नीटच काढलेली असते. मग आजार पुन्हा आला कोठून? त्याचे उत्तर गाठीत नाही, गाठीच्या आजूबाजूच्या, चांगल्या दिसणाऱ्या भागात आहे. या आठवड्यात तेच समजून घेऊ.

मूत्राशयाचे अस्तर

मूत्रपिंडात तयार झालेली लघवी ज्या पिशवीत साठते ती पिशवी म्हणजे मूत्राशय. या पिशवीला आतून एक पातळ अस्तर असते. रक्तातून गाळलेली नको असलेली द्रव्ये लघवीत उतरतात आणि ती लघवी तासन् तास या अस्तराला लागून राहते. विडी-सिगारेटच्या धुरातून किंवा कामाच्या जागी श्वासावाटे, कातडीवाटे अंगात गेलेली काही रसायनेही शेवटी येथेच येऊन थांबतात. मूत्राशयाचे बहुतेक कॅन्सर याच अस्तरात सुरू होतात, त्याचे कारण हे आहे.

पहिल्यांदा निदान होते तेव्हा चार रुग्णांपैकी सुमारे तिघांची गाठ अस्तरापुरती मर्यादित असते, खालच्या स्नायूत शिरलेली नसते. अशी गाठ पोट न फाडता, लघवीच्या मार्गाने दुर्बीण घालून खरवडून काढता येते. ही चांगली बातमी. दुसरी बातमी अशी की साधारण निम्म्या रुग्णांत पुढील काही वर्षांत मूत्राशयातच पुन्हा गाठ उगवते. पुष्कळदा ती जुन्या जागी नसते, दुसऱ्याच कोपऱ्यात असते.

"उन्हाळी लागली" म्हणून सोडू नका

पुढे जाण्यापूर्वी एक महत्त्वाची गोष्ट. या आजाराचे पहिले लक्षण बहुधा एकच असते, न दुखता लघवीतून रक्त जाणे. एक-दोन दिवस लघवी लाल होते आणि मग आपोआप साफ होते. आपल्याकडे याला उन्हाळी किंवा उष्णता समजून धन्या-जिऱ्याचे पाणी, कोकमाचे सरबत घेतले जाते. रक्त थांबते आणि श्रेय सरबताला मिळते. खरे तर ते थांबणारच असते, काही आठवड्यांनी पुन्हा जाण्यासाठी. बायकांमध्ये तर ते पाळीचे किंवा अंगावरून जाण्याचे समजून आणखी उशीर होतो.

लघवीतले प्रत्येक रक्त कॅन्सरचे नसते. मूतखडा, जंतुसंसर्ग, प्रोस्टेटची वाढ यांतही रक्त जाते. बीट खाल्ल्याने किंवा क्षयावरच्या एका गोळीनेही लघवी लालसर होते. पण चाळिशी ओलांडलेल्या माणसाच्या लघवीतून एकदा जरी न दुखता रक्त गेले, तरी लघवीची तपासणी, सोनोग्राफी आणि डॉक्टरांनी सांगितल्यास दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी. एकदा म्हणजे एकदाच.

सात-बाऱ्यावरचा चुकीचा फेरफार

आता मूळ मुद्द्याकडे वळू. शरीरातील प्रत्येक पेशीत एक दफ्तर असते. केव्हा वाढायचे, केव्हा थांबायचे, बिघाड झाला तर काय करायचे, हे सगळे त्यात लिहिलेले असते. या दफ्तरातील एकेक नोंद म्हणजे जनुक. पेशी दुभंगून एकीच्या दोन होतात तेव्हा या दफ्तराची नक्कल होते. नक्कल करताना चूक झाली किंवा एखाद्या रसायनाने मूळ नोंदच खराब केली, तर त्याला जनुकीय उत्परिवर्तन म्हणतात.

सात-बाऱ्यावर चुकीचा फेरफार पडला तर काय होते हे आपल्या वाचकांना सांगायला नको. ती चूक पुढच्या प्रत्येक उताऱ्यावर उतरत जाते. पेशीचेही तसेच आहे. एका पेशीत पडलेला चुकीचा फेरफार तिच्या सगळ्या वंशजांत उतरतो. बाहेरून उतारा इतर उताऱ्यांसारखाच दिसतो. वाचल्याशिवाय चूक कळत नाही.

गाठीच्या शेजारचे चांगले दिसणारे अस्तर म्हणजे हाच उतारा. दुर्बिणीतून पाहिले तर गुळगुळीत, गुलाबी. तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तरी पेशी नेहमीसारख्या. पण त्या पेशींचे दफ्तर वाचण्याची सोय झाली तेव्हा आत चुकीचे फेरफार आढळले.

संशोधकांना काय आढळले?

ही कल्पना प्रथम मांडली गेली ती तोंडाच्या कॅन्सरवरून. १९५३ साली अमेरिकेतील डॅनली स्लॉटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोंडाचा कॅन्सर झालेल्या ७८३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गाठीच्या पलीकडच्या, वरकरणी ठीक दिसणाऱ्या त्वचेतही सूक्ष्मदर्शकाखाली बदल दिसत होते. केवळ एक ठिकाण नव्हे, तर सगळे क्षेत्रच बिघडले आहे, असे त्यांनी म्हटले. त्यांनी या कल्पनेला जे इंग्रजी नाव दिले, त्यात 'शेत' या अर्थाचाच शब्द आहे. तंबाखू, मिश्री आणि गुटख्यामुळे तोंडाचा कॅन्सर महाराष्ट्रात घरोघरी माहीत झाला आहे. एकदा तोंडाचा कॅन्सर बरा झालेल्या माणसाला दुसऱ्या गालाला पुन्हा झाल्याचे वाचकांपैकी काहींनी पाहिलेही असेल. त्याचे मूळ येथे आहे.

मूत्राशयाच्या बाबतीत १९९२ साली अमेरिकेतील डेव्हिड सिड्रान्स्की व सहकाऱ्यांनी एक सुंदर युक्ती वापरली. स्त्रीच्या प्रत्येक पेशीत 'एक्स' गुणसूत्रे दोन असतात, त्यांतले एक निजलेले असते. कुठल्या पेशीत कोणते निजेल याचा नेम नसतो. एकाच वेळी मूत्राशयात अनेक गाठी असलेल्या चार स्त्रियांच्या गाठी त्यांनी तपासल्या. प्रत्येक स्त्रीच्या सगळ्या गाठींत एकच, तेच गुणसूत्र निजलेले आढळले. म्हणजे वेगवेगळ्या ठिकाणच्या गाठी एकाच मूळ पेशीच्या लेकी होत्या.

पुढे २०२० सालच्या ऑक्टोबरमध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एकाच वेळी दोन अभ्यास प्रसिद्ध झाले. ब्रिटनच्या सँगर इन्स्टिट्यूटमधील संशोधकांनी २० माणसांच्या मूत्राशयातून २,०९७ अतिसूक्ष्म नमुने घेऊन त्यांची जनुके वाचली. यांतील पाच जणांना मूत्राशयाचा कॅन्सर होता, बाकीच्यांना नव्हता. वाढीच्या शर्यतीत पेशीला पुढे ढकलणारे फेरफार १७ जनुकांत आढळले, आणि ते कॅन्सर नसलेल्यांच्या अस्तरातही होते! दुसरा अभ्यास चीनमधील होता. तेथे चांगल्या दिसणाऱ्या अस्तरात एकाच पेशीपासून वाढलेले काही चौरस सेंटिमीटरचे पट्टे सापडले.

हे ऐकून कोणी घाबरू नये. दोन्ही अभ्यासांतील दुसरी अर्धी बाजू तितकीच महत्त्वाची आहे. कॅन्सरच्या गाठीत नेहमी सापडणारे काही मोठे बिघाड चांगल्या दिसणाऱ्या अस्तरात क्वचितच आढळले किंवा आढळलेच नाहीत. म्हणजे एखादा फेरफार पडला की कॅन्सर झाला, असे नव्हे. वय वाढते तसे असे पट्टे अनेकांच्या अंगात तयार होतात आणि बहुतेकांना त्यांचा कधीच त्रास होत नाही. कॅन्सर होण्यासाठी एकाच पेशीत एकावर एक अनेक बिघाड साचावे लागतात. पण जेथे पहिला-दुसरा बिघाड आधीच पडलेला आहे, तेथे तिसऱ्या-चौथ्याला वाट सोपी होते. ज्याला एकदा गाठ झाली आहे त्याच्या अस्तरात अशा तयार जागा अधिक असू शकतात. डेन्मार्कमधील आर्हुस येथील संशोधकांना अलीकडे असेही दिसले की, ज्या रुग्णांच्या चांगल्या दिसणाऱ्या अस्तरात असे बिघाड जास्त पसरलेले होते, त्यांना पुढे त्रासही जास्त झाला.

हरळीचे उदाहरण

बांधावरची हरळी सगळ्यांनी पाहिली आहे. वर दिसणारा झुपका उपटला म्हणजे बांध साफ झाला असे वाटते. पण तिचे धुमारे मातीला धरून चार हात लांब गेलेले असतात. पहिला पाऊस पडला की पलीकडे नवा झुपका. उपटणाऱ्याचा त्यात दोष नसतो. वर होते तेवढे त्याने काढले.

मूत्राशयात गाठ म्हणजे झुपका आणि बिघडलेल्या पेशींचा पट्टा म्हणजे मातीतले धुमारे. त्यासाठी शेतकरी काय करतो? दर काही दिवसांनी बांधावरून फेरी मारतो आणि कोंब कोवळा असतानाच काढतो. दर तीन महिन्यांची दुर्बीण म्हणजे ही फेरी. कोवळा कोंब पाच मिनिटांत निघतो. तोच वर्षभर राहिला आणि खाली स्नायूत उतरला, तर सगळे मूत्राशय काढण्याची पाळी येऊ शकते. गाडीभाड्याचा हिशेब करताना हा हिशेबही मांडावा.

हे बिघाड येतात कोठून?

काही वयाने येतात, त्याला इलाज नाही. पण काही आपण ओढवून घेतो.

पहिला क्रमांक तंबाखूच्या धुराचा. धूम्रपान करणाऱ्याला मूत्राशयाच्या कॅन्सरचा धोका न करणाऱ्याच्या दुप्पट-तिप्पट किंवा त्याहूनही अधिक असतो. लोकांना फुप्फुस आठवते, मूत्राशय आठवत नाही. गाठ काढल्यानंतरही विडी चालू ठेवणे म्हणजे एकीकडे हरळी उपटायची आणि दुसरीकडे तिला पाणी घालायचे.

दुसरा क्रमांक काही रसायनांचा. १८९५ साली जर्मनीतील फ्रँकफुर्टचे शल्यचिकित्सक लुडविग रेन यांनी रंगाच्या कारखान्यातील ४५ कामगारांपैकी तिघांना मूत्राशयाच्या गाठी झाल्याचे नोंदवले. १९५४ साली ब्रिटनमध्ये आर. ए. एम. केस व सहकाऱ्यांनी रंग-रसायन कामगारांची मोठी पाहणी प्रसिद्ध केली आणि बीटा-नॅफ्थिलअमाइन व बेंझिडिन ही नावे पक्की झाली. भारत सरकारनेही १९९० च्या दशकात बेंझिडिनपासून बनणाऱ्या रंगांवर आणि पुढे अनेक ॲझो रंगांवर बंदी घातली. गंमत अशी की, कारखान्यातून जे बीटा-नॅफ्थिलअमाइन हद्दपार करावे लागले तेच सिगारेटच्या धुरातही असते. तेथे मात्र माणूस ते पैसे देऊन घेतो.

या रसायनांचा परिणाम दिसायला वीस-वीस वर्षे लागतात. आपल्या महाड-पोलादपूर भागातील कितीतरी माणसांनी मुंबईच्या गिरण्यांत उमेद घालवली. त्यांतले काही रंगखात्यात होते. कोणी रबराच्या कारखान्यात, कोणी रंगारी म्हणून काम केले. आता ते गावी येऊन निवांत आहेत आणि त्या कामाची आठवण डॉक्टरांना सांगण्याचे त्यांच्या मनातही येत नाही. ती आवर्जून सांगावी. आज महाडच्या औद्योगिक वसाहतीत किंवा अन्यत्र रसायनांशी काम करणाऱ्या तरुणांनी हातमोजे, मुखपट्टी वापरावी, कामाचे कपडे घरी धुवायला आणू नयेत, जेवणापूर्वी हात नीट धुवावेत आणि नियमित वैद्यकीय तपासणी हा आपला हक्क आहे हे लक्षात ठेवावे.

ईश्वरीच्या मुळीविषयी

तिसरे कारण आपल्या डोंगरातच उगवते, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर. वर सांगितलेल्या चिनी अभ्यासात अस्तर बिघडवणारा एक मोठा गुन्हेगार ठरला तो ॲरिस्टोलोकिक आम्ल. हे ॲरिस्टोलोकिया जातीच्या वनस्पतींत असते. आपल्याकडची ईश्वरी, जिला सापसन असेही म्हणतात, ती याच जातीची वेल. साप-विंचवाच्या दंशावर, तापावर, पोटदुखीवर तिची मुळी देण्याची जुनी पद्धत आहे.

१९९० च्या सुमारास बेल्जियममध्ये ब्रुसेल्स येथे वजन कमी करण्यासाठी काही स्त्रियांनी वनौषधींच्या गोळ्या घेतल्या. त्यांत चुकून याच जातीची चिनी वनस्पती आली होती. अनेकींची मूत्रपिंडे निकामी झाली. पुढे ३९ रुग्णांनी आपली निकामी मूत्रपिंडे व मूत्रनलिका खबरदारी म्हणून काढून घेतल्या. २००० साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत त्यांतील १८ जणांत कॅन्सर सापडला आणि उरलेल्यांपैकी दोघे सोडून सर्वांच्या अस्तरात कमी-जास्त बिघाड होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सरविषयक संस्थेने या वनस्पतींना माणसात निश्चित कॅन्सर करणाऱ्यांच्या यादीत घातले आहे.

झाडपाल्याचे औषध म्हणजे अपाय नाही, हा समज सोडावा. ही मुळी पोटात घेऊ नये. आणि सर्पदंश झाल्यास मुळी उगाळण्यात वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठावे. प्रतिसर्पविष लस तेथे असते.

क्षयाची लस मूत्राशयात

सगळेच शेत बिघडले असेल तर एक झुपका काढून भागत नाही, साऱ्या शेतावर उपाय करावा लागतो. तसा उपाय आहे. १९७६ साली कॅनडातील अल्वारो मोरालेस यांनी क्षयाची बीसीजी लस मूत्राशयात सोडण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. आपल्या दंडावर जिचा व्रण असतो, तीच ही लस. तिच्यामुळे शरीराच्या रक्षक पेशी अस्तरात गोळा होतात आणि नजरेला न दिसणाऱ्या बिघडलेल्या पेशींवरही तुटून पडतात. धोका मध्यम किंवा जास्त असलेल्या रुग्णांना ती आठवड्यातून एकदा अशी सहा वेळा आणि नंतर ठराविक अंतराने एक ते तीन वर्षे देतात. या उपचारासाठीची बीसीजी पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटमध्येही तयार झाली आहे.

लस सोडल्यावर ती साधारण दोन तास आत धरून ठेवावी लागते. त्या दिवशी लघवी बसून करावी, नंतर सहा तासांपर्यंत संडासात ब्लीचिंगचे पाणी टाकावे आणि हात साबणाने धुवावेत. दोन दिवस जळजळ व कणकण चालते. पण थंडी वाजून जोराचा ताप आला किंवा ताप उतरला नाही, तर लगेच डॉक्टरांना कळवावे.

फेरी चुकवू नका

दुर्बिणीची पहिली तपासणी ऑपरेशननंतर तीन महिन्यांनी. ही कोणालाच चुकलेली नाही. धोका कमी असेल आणि पहिली तपासणी चांगली निघाली, तर पुढची त्यानंतर नऊ महिन्यांनी व नंतर दरवर्षी, पाच वर्षांपर्यंत. धोका जास्त असेल तर दोन वर्षे दर तीन महिन्यांनी, पुढे पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी आणि त्यानंतर दरवर्षी. आपला गट कोणता, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारून कागदावर लिहून घ्यावे. काही वेळा पहिल्या ऑपरेशननंतर दोन ते सहा आठवड्यांत त्याच जागी पुन्हा खरवडावे लागते. काही वेळा चांगल्या दिसणाऱ्या जागेचेही तुकडे काढतात. तेव्हा "डॉक्टर उगाच कापतात" असे म्हणू नये. कारण आता आपल्याला माहीत आहे.

कागदपत्रांचेही सांगितले पाहिजे. २०२१ च्या जुलैतील पुरात महाडमध्ये घरोघरी पाणी शिरले. अशा ठिकाणी तपासणीचे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर ठेवावेत आणि मोबाइलवर त्यांचे फोटो काढून मुंबईच्या मुलाकडे पाठवून द्यावेत. आधीच्या गाठीचा अहवाल नसेल तर नवा डॉक्टर अंधारात चाचपडतो.

प्रवासाचा आणि खर्चाचा बाऊ करू नये. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरवरील उपचारांचा समावेश आहे. कॅन्सरच्या रुग्णाला व सोबत्याला रेल्वे भाड्यात सवलत मिळते. परळचे टाटा हॉस्पिटल सर्वांना ठाऊक आहे, पण टाटा मेमोरियल सेंटरचेच 'ॲक्ट्रेक' हे केंद्र आपल्या रायगड जिल्ह्यातच, खारघरला आहे.

शेवटी घरच्यांसाठी. जनुकांचा बिघाड म्हटले की लोक दबक्या आवाजात विचारतात, "मुलांना होईल का हो? मुलीच्या लग्नाला आडवे येईल का?" हे फेरफार त्या माणसाच्या मूत्राशयाच्या अस्तरात, त्याच्या हयातीत पडलेले असतात. वाडवडिलांकडून आलेले नसतात आणि ते मुलांत उतरत नाहीत. त्याच्या ताटात जेवल्याने, कपडे धुतल्याने आजार लागत नाही. मुलांना त्याच्याकडून एकच गोष्ट लागू शकते, ती म्हणजे विडीची सवय. तेवढी मात्र तोडावी.

आणि लावणी तोंडावर आली असेल तर तिसऱ्या महिन्याची तारीख आधी उरकून घ्यावी. लावणीला चार हात मदतीला येतील. दुर्बिणीच्या टेबलावर मात्र आपल्याऐवजी दुसरा कोणी जाऊ शकत नाही.